बाबांच्या डब्यातला कूट

मी फक्त रविवारचा बेण्णे डोसा परत मिळवायला निघालो होतो. (वर लोण्याचा गोळा वितळतोय आणि मी जिवंत आहे, एवढंच मागणं.)

झालं असं, की बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलं. बाबा कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहेत, त्यांनी अख्खं स्वयंपाकघर रिजेक्ट केलं. तुपाची बरणी शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांना, तेलाचा कॅन वॉचमनला. घरात झिरो फॅट.

"किती दिवस?"

"तीन महिन्यांनी रिपोर्ट. तोवर उकडलेला दुधी."

"आणि डोसा?"

"आई घरी करेल. बिनतेलाचा."

आई तव्याजवळून म्हणाली, "चिकटलाय. खरवडून वाढू का?"

दुसऱ्या आठवड्यात मी जगण्याची आशा सोडली. मग डोकं चालवलं. रिपोर्ट आणखी बिघडला, तर बाबा हा प्रयोग बंद करतील ना? म्हणून त्यांच्या डब्यात रोज गुपचूप फॅट घालायचं ठरवलं. तूप तर गेलेलं. फळीवर मागे शेंगदाणे, तीळ, जवस उरले होते. (फॅट ते फॅट. सायन्समध्ये मला पस्तीस आहेत.) कूट केला, दोन चमचे भाजीत.

संध्याकाळी बाबा खूश. "विद्या, दुधीला आज चव होती गं."

"मनापासून उकडते मी," आई म्हणाली.

तीन महिन्यांनी डाएटिशियन देवश्री मॅडमनी रिपोर्ट बघितला. "सर, मस्त उतरलंय. काय खाता?"

"झिरो फॅट. आता आयुष्यभर हेच."

माझ्या डोळ्यांपुढे साठ वर्षांचा दुधी उभा राहिला. मी कुटाचं ओकून टाकलं.

मॅडम हसल्या. "मग झिरो नव्हतंच की. दाणे, तीळ, जवस, यातलं फॅट शरीराला लागतंच. मापात घ्या, पण शून्य करू नका. कधीतरी चमचाभर लोणीही चालेल."

जिंकलो असं वाटलं. बाहेर आल्यावर बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "क्षितिज, माझा रिपोर्ट सुधारावा म्हणून केलंस?"

"नाही, बिघडावा म्हणून." (खरं बोलायची सवय नाही, त्यामुळे टायमिंग चुकतं.)

हात खांद्यावरून कानावर आला.

रविवारी आई-बाबा दोघंच बेण्णे डोसा खायला निघाले. मी म्हटलं, "बाबा, वाढत्या वयाला फॅट लागतं."

"तुझं डोकं भरपूर वाढलंय."

आता महिनाभर झिरो फॅटवर मी एकटाच. बाबांचा कूट मात्र रोज मीच करायचा. करण्याआधी दाण्यांचं वजन होतं, केल्यावर कुटाचं, आणि फरक आला तर माझ्या तोंडाचा वास घेतला जातो.