पूर्वपक्ष पाटील

"सर, खुर्चीखाली साप!" असं शेजारच्या वर्गातून कुणीतरी ओरडलं आणि बाकं पडल्याचा आवाज आला. मी माझ्या वर्गात औरंगजेबाला नुकताच दक्षिणेत उतरवला होता. त्याला तिथेच सोडून मी धावलो. बघतो तर सगळा वर्ग बाकांवर चढलेला, आणि प्रोफेसर दगाजी पाटील मात्र खुर्चीत शांत बसलेले. पुस्तकात बोट घालून त्या ओरडणाऱ्या पोराला विचारत होते, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की या खोलीत साप आहे, तो माझ्या खुर्चीखाली आहे, आणि म्हणून मी पाय वर घ्यावेत. बरोबर मांडलं ना मी?"

पोरगा रडकुंडीला येऊन "हो सर" म्हणाला, तेव्हा कुठे पाय वर गेले. तोवर साप कंटाळून दाराकडे निघाला होता. दारात मी होतो. माझं म्हणणं काय आहे हे त्याने विचारलं नाही, मीही सांगायला थांबलो नाही.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. नंदुरबारच्या बाहेर मिशनच्या आवारात आमचं कॉलेज होतं. कॉलेज म्हणजे कौलारू खोल्यांची एक ओळ, समोर चर्च, मागे विहीर. फादर रेक्टरांनी मोठ्या हौसेने दारावर 'आर्ट्स फॅकल्टी' अशी पाटी रंगवून घेतली होती, आणि त्या पाटीखाली फॅकल्टी म्हणून आम्ही तिघे उभे होतो. फादर लॅटिन आणि नीतिशास्त्र शिकवत, मी इतिहास, आणि दगाजी पाटील तर्कशास्त्र. पोरं निम्मी नवापूरकडच्या ख्रिस्ती घरांतली, निम्मी तापीकाठच्या शेतकऱ्यांची. पाटीलही तापीकाठचेच, सारंगखेड्याच्या अलीकडच्या गावचे. घरी भरपूर शेती. एम.ए. होऊन पादऱ्यांकडे नोकरी धरली म्हणून गावाने नाकं मुरडली होती, पण त्यांचे वडील, आबा, म्हणाले होते की पोरगं शिकलंय तर शिकवू दे. पाटलांची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापाने गेली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत.

उठसूट 'तुमचं म्हणणं असं' म्हणायच्या पाटलांच्या सवयीचं मूळ फादरांत होतं. फादरांच्या देशात म्हणे मठांतून वादसभा भरत, आणि त्यांचा नियम असा, की समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, त्याने 'हो, माझं म्हणणं हेच' असं कबूल केलं की मगच ते खोडायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी फादरांनी आमच्याकडे तशी सभा सुरू केली. नियम ऐकून पाटील जागचे उठले. आपले जुने शास्त्रीसुद्धा आधी समोरच्याची बाजू मांडत, तिला पूर्वपक्ष म्हणत, आणि मग स्वतःचं उत्तर देत, हे त्यांनी फादरांना सांगितलं. दोघांनी एकमेकांचे हात इतका वेळ धरून ठेवले की मला जेवायला जायचं होतं ते सांगायची चोरी झाली.

शनिवारचा नियम शनिवारीच राहता तर बरं होतं. पाटलांनी तो सगळ्या आठवड्याला लावला. पोरांनी त्यांचं नाव 'पूर्वपक्ष पाटील' ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा त्यांनी पोरांना बोलावून, हे नाव का योग्य आहे याची कारणं पोरांच्या वतीने मांडली आणि नाव मंजूर केलं.

मी स्वभावाने उतावळा. चहा गार होईपर्यंत थांबत नाही, बशीत ओतून पितो. अशा माणसाला देवाने हा शेजारी दिला. सकाळी "पाटील, पाणी तापलं का?" विचारावं, तर आतून आवाज, "म्हणजे वाणीसर, तुमचं म्हणणं असं, की तुम्हाला आंघोळ करायची आहे." अहो, म्हणणं कसलं त्यात? नुसतं पाणी हवंय माणसाला.

बाजारात तर त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. मिरच्यांच्या दिवसांत नंदुरबारात गल्लोगल्ली लाल ढीग लागायचे, नाकाला धोतराचं टोक लावून हिंडावं लागायचं. एका बाईने भाव सांगितला. मी कमी करायला सांगणार, एवढ्यात पाटलांनी तिची बाजू मांडायला घेतली. पाऊस कसा उशिरा आला, तोडणीला माणसं कशी मिळत नाहीत, वाळवताना अर्ध्या मिरच्या कशा पांढऱ्या पडतात. बाई हनुवटीला हात लावून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, खरं शे भाऊ, आणि तिने भाव वाढवला.

स्टेशनवरचं तर विचारूच नका. माझी ट्रंक वजनाला जास्त भरली म्हणून मी तिकीट तपासनिसाशी हुज्जत घालत होतो. तो नरमला होता. तेवढ्यात पाटील मदतीला आले आणि त्याला म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं." तपासनिसाचं म्हणणं त्यांनी इतकं चोख मांडलं, की त्याला स्वतःच विसरलेला आणखी एक नियम आठवला. दंड मी भरला. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. दारात कुलूप काढताना ते म्हणाले, "वाणीसर, तुमचं म्हणणं असं, की मी गाढव आहे." मी म्हटलं, बरोबर मांडलंत.

पण राग धरता येत नसे. कारण त्या माणसाच्या तोंडून आपलं म्हणणं ऐकलं, की ते आपल्यालाच जास्त पटायचं. डोंगरातली बुजरी पोरं, जी वर्गात मान वर करत नसत, ती त्यांच्यापुढे बोलायची. अर्धं वाक्य बोलली तरी उरलेलं हा माणूस नीट पुरं करील, ही त्यांची खात्री होती.

आणि याच गुणाने घात केला.

फाल्गुनातली सभा. विषय असा, की देव अवतार एकदाच घेतो की पुन्हा पुन्हा. फादर एका बाजूला, पाटील दुसऱ्या. नियमाप्रमाणे पाटील आधी फादरांचं म्हणणं मांडायला उभे राहिले. देव एकदाच आला, गरिबाच्या घरी आला, माणसांनी त्याला मारलं आणि त्याने माणसांना माफ केलं, असं सांगता सांगता त्यांचा आवाज भरून आला. पोरांचं खोकणं थांबलं. फादरांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते म्हणाले की माझं म्हणणं हेच आहे, पण मला ते इतकं चांगलं कधी सांगता आलं नाही.

मग पाटलांनी "पण" म्हटलं, आणि त्यानंतर तासभर त्यांनी फादरांचं म्हणणं असं काही खोडलं की फादरांना पाणी मागवावं लागलं. मात्र हा 'पण' ऐकायला एक माणूस थांबला नव्हता. पाटलांच्या गावचा हिलाल नावाचा गृहस्थ मिरच्या विकायला आला होता. गावच्या पोराला भेटावं म्हणून तो कॉलेजात आला, खिडकीशी उभा राहिला, पाटलांचे पाणावलेले डोळे आणि फादरांचे पुसलेले डोळे त्याने पाहिले, आणि सोबतच्या गाड्या निघायची वेळ झाली म्हणून तसाच गेला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, आबा पाटीलना पोऱ्या बाटी गया, म्हणजे बाटून ख्रिस्ती झाला.

हे आमच्याकडे एका विद्यार्थ्याकडून आलं. मी पोट धरून हसलो. पाटीलही हसले. म्हणाले की पुढच्या सुट्टीला घरी गेलो की आबांना समजावतो. पण आबा दर पंधरवड्याला बाजाराच्या गाडीबरोबर तुपाचा डबा पाठवत, तो त्या पंधरवड्याला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाटलांनी माझ्यापुढे रीतसर मांडणी केली. डबा आबा पाठवतात. आबा रागावल्याशिवाय डबा थांबणार नाही. डबा थांबला आहे. सबब आबा रागावले आहेत. मी म्हटलं, अहो, जाऊन विचारा ना एकदा. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की मी दारात जाऊन उभं राहावं. आणि त्यांनी दार लावून घेतलं तर?" ते घरी गेले नाहीत.

आमच्या खोल्यांमध्ये कुडाची भिंत होती. दिवेलागणीला पलीकडून बोलणं ऐकू यायला लागलं. मला वाटलं कुणी पाहुणा आलाय. गावाकडचं बोलणं, म्हाताऱ्या माणसाचा खर्जातला आवाज. तो आवाज म्हणत होता, "दगा, तू कुळले बट्टा लाया. आते आठे कोन शे तुन्हं?" कुळाला बट्टा लावलास, आता इथे तुझं कोण आहे, असा जाब. आणि मग पाटलांचा आवाज, "आबा, म्हणजे तुमचं म्हणणं असं..."

पाहुणा कुणी नव्हता. हा माणूस एकटाच बसून बापाची बाजू मांडत होता. रोज संध्याकाळी. आणि रोज ती बाजू आधीपेक्षा धारदार होत होती, कारण मांडणारा पाटील होता. काही दिवसांनी आबांचं म्हणणं इतकं बिनतोड झालं, की पलीकडे पाटलांचं उत्तरच येईनासं झालं. नुसता आबांचा आवाज, आणि मग काही नाही. मी इकडे भाकरी पुढ्यात घेऊन बसलेला असायचो, आणि खरं सांगतो, घास उतरायचा नाही.

दिवस गेले. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तोंडावर आली. एका सकाळी आवाराच्या फाटकाशी बैलगाडी थांबली आणि पांढरा फेटा, कानात भिकबाळी, हातात काठी असा एक उंच म्हातारा उतरला. त्याने तोंड उघडताच मी ओळखलं. तोच खर्जातला आवाज, जो मी भिंतीपलीकडून इतके महिने ऐकला होता. त्याने मला विचारलं, "दगा कोठे ऱ्हास?"

पाटील दारात आले. त्यांनी वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्याने काही बोलायच्या आतच हे सुरू झाले. मला दिसत होतं, रोजची तयारी एकदम तोंडाशी आली होती.

"आबा, तुमचं म्हणणं असं, की मी धर्म सोडला."

म्हाताऱ्याने मान हलवली. "नही."

"मग तुमचं म्हणणं असं, की माझ्यामुळे तुम्हाला गावात मान खाली घालावी लागते."

"नही रे."

"मग असं, की मी ही नोकरी सोडावी. म्हणून तर तुम्ही डबा बंद केला."

"म्हैस आटी गई," म्हातारा म्हणाला. "तूप कथाईन धाडू?"

रागाचा सबंध पुरावा एका आटलेल्या म्हशीवर उभा होता. फादर चर्चच्या पायरीवर येऊन उभे होते. ज्या माणसाने मिरचीवालीपासून रेल्वेपर्यंत सगळ्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा चांगलं सांगितलं, तो स्वतःच्या बापापुढे उभा राहून तिन्ही वेळा चुकला होता. हळूच म्हणाला, "मग आबा, तुम्हीच सांगा."

म्हाताऱ्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आखाजी गई, पोळा गया, दिवाळी गई. तू घर ऊना नही. मन्हं म्हननं इतलंच शे."

तीन सण गेले, पोरगा घरी आला नव्हता. पाटलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मलाही आवरेना, मी उगाच बैलांच्या शिंगांकडे बघत उभा राहिलो. म्हाताऱ्याने वाट पाहिली नाही. "चाल, जोडा घाल," म्हणाला, "तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी." पाटील रजा मागायला फादरांकडे वळले, तर फादरांनी लांबूनच जा जा असा हात केला. गाडी वळली. म्हातारा हाकत होता आणि पाटील मागे गवतावर पाय सोडून बसले होते. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मी त्या दिवशी भाकरी मागून मागून खाल्ली.

तर्कशास्त्राचे तास आठवडाभर मी घेतले. पोरांना त्यातलं काय कळलं ते देवाला ठाऊक, मला काही कळलं नाही. मग एका सोमवारी पाटील आले, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं, तोंडावर ऊन लागलेलं, अंगाने जरा भरलेले. फादर आणि मी ओट्यावरच बसलो होतो. आम्ही तिघे शेंगा फोडायला लागलो. फादरांच्या मनात ती गोष्ट इतके महिने टोचत होती, कारण वादसभा त्यांची होती आणि नियमही त्यांचा.

त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "मिस्टर पाटील, शेवटी काय ठरलं? तुम्ही ख्रिस्ती झालेला नाही, हे वडिलांना पटलं ना?"

पाटलांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी आठवून पाहिलं. मग ओशाळून हसले.

"फादर," ते म्हणाले, "ते कुणी विचारलंच नाही."