गणिताचे सुभ्यांतील अकराव्या झाडाची हकीकत

श्रीशारदेस आणि फळा-खडू या उभय दैवतांस दंडवत घालून, जैसें कानीं आलें तैसें लिहितों. अधिकउणें असेल तें लिहिणाराचे माथीं. शके एकोणीसशें तीस, सर्वधारी नाम संवत्सरीं, ज्येष्ठमासीं एका शाळेचें राज्य सुटी संपवून जागें जाहलें आणि आठवीचे तुकडींत कावेरी टेकवडे नामें मुलगी दाखल जाहली. राज्य थोर, त्यांत विषयांचे सुभे, आणि दर सुभ्यावर एक सुभेदार. गणिताचा सुभा उद्धवराव कानडे सरांकडे. सरांची स्वारी वर्गांत आली म्हणजे पंखा देखील दबून फिरे. त्यांची रीत ऐशी, कीं ज्याचें उत्तर चुकलें त्यानें तें आपले हातें पुसावें, आणि मग भिंतीकडे तोंड करून उभें राहावें, तें दुसरा कोणी चुके तोंवर. तेणेंकरून उभा असलेला दुसऱ्याच्या चुकीची वाट पाही आणि बसलेले माना खालीं घालून राहत. कावेरीस त्या भिंतीचे पोपडे पाठ जाहले होते, पाढे मात्र नाहीं. सरांस दुष्ट म्हणणें अन्याय होईल. गणित त्यांस जिवापलीकडे प्यारें. परंतु गडाचे दरवाजे आंतून लावून घेऊन त्यांनीं तें प्रेम केलें, आणि बाहेर राहिलेलीं पोरें गडासच शिव्या देऊं लागलीं.

आतां राज्याचा नियम ऐसा, कीं नववीचे वेशीवर गणिताच्या दोन वाटा फुटत, एक मोठी व एक सोपी; आणि जो सोपीनें गेला त्यास पुढें विज्ञानाचे प्रांतीं प्रवेश नाहीं. कावेरीस आकाशाचें वेड. ग्रहताऱ्यांचें शिक्षण घ्यावें हा तिचा मनींचा बेत. तरी भिंतीचे धास्तीनें तिनें सोपी वाट मुक्रर केली. मातुःश्री म्हणाल्या, "घे बाई सोपं. रोज रडत येण्यापरीस बरं."

तों श्रावणांत सरांचे गुडघ्यावर शस्त्रक्रिया जाहली आणि सुभा तात्पुरता नसीमा मुलाणी बाईंकडे आला. बाईंनीं पहिलेच दिवशीं पुसिलें, शंभर हात लांब रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत दर दहा हातांवर एक झाड, तर झाडें किती? कावेरीनें फळ्यावर दहा लिहिलें, आणि वर्ग हंसला, आणि ती आपणहून उत्तर पुसून भिंतीकडे जावयास निघाली.

"अगं, तिकडं कुठं निघालीस?" बाई म्हणाल्या.

"चुकलं ना, बाई."

"चुकलं असंल. पण पुसतेस कशाला? राहू दे की मुक्कामाला. चला, बघू या कुठं वाट चुकलं ते."

मग अवघी तुकडी मैदानांत नेली, आणि चुन्यानें खुणा केल्या, आणि पोरांस झाडें करून एकेका खुणेवर उभें केलें. दहाजण उभे राहिले तरी रस्त्याचें टोंक मोकळेंच. कावेरी तेथें जाऊन उभी राहिली आणि अकरावें झाड जाहली. तिला आपली चूक उमगली. हसूं कोणासच आलें नाहीं. परंतु ती तेथून हलेना. पहिल्या खुणेवरील मुलाकडे बघत म्हणाली, "बाई, रस्ता वाकवून गोल केला तर? तळ्याभोवती झाडं लावली तर?"

बाईंनीं चुन्याचे हात झटकले. मग म्हणाल्या, "करून बघ."

पोरांनीं कडें केलें. दोन्हीं टोंकें एकत्र आलीं, कावेरीची खूण पहिल्या मुलाचे खुणेवर पडली, आणि तिला बाहेर यावें लागलें. मोजलीं तों झाडें दहा.

"तुझं दहा बरोबर होतं गं," बाई म्हणाल्या, "तू उत्तर तळ्याचं दिलंस आणि मी रस्ता विचारला."

ते दिवशीं ती घरीं गेली ती ताटाभोवतीं शेंगदाणे मांडूनच जेवली. पोरीचें मन असें लागतें. कोणीतरी तिची चूक हातीं घेऊन नीट पाहावी लागते, एवढेंच.

पुढें मार्गशीर्षांत सर बरे होऊन आले आणि बाईंस निरोप जाहला. कावेरी रडूं लागली. "बाई, तुम्ही गेलात की माझं गणित पण जाणार."

"माझं कुठं होतं ते? तळं तू काढलंस. मी आपला चुना आणला."

दुसरेच दिवशीं सरांनीं तिला फळ्यावर बोलाविलें आणि उत्तर चुकलें. "पूस," सर म्हणाले, "आणि भिंत माहीत आहेच."

"सर, भिंतीशी उभी राहते. पण पुसत नाही. हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते बघायचंय."

सर काठी टेकीत फळ्यापाशीं आले, उत्तराकडे बहुत वेळ पाहत राहिले, आणि गुडघा दुखत होता म्हणून पहिले बाकावर पोरांत बसले. मग म्हणाले, "दाखव." आणि घंटा होईतों ती दाखवीत राहिली.

सर एका दिवसांत पालटले ऐसें लिहिणें खोटें होईल. दुसरे दिवशीं भिंतीशीं दुसरा कोणी उभा होताच. फक्त त्याचें तोंड फळ्याकडे होतें आणि उत्तर पुसलेलें नव्हतें. पुढें वेशीचा दिवस आला, मुख्याध्यापकांनीं कोणती वाट म्हणून विचारिलें, आणि कावेरी म्हणाली, "मोठी." मातुःश्री शेजारीं होत्या. हळूच म्हणाल्या, "परत रडत येशील गं."

"येईन, आये. पण कुठं चुकलं ते सांगत येईन."

येणेंप्रमाणें मोहीम जाहली. बाई परत आल्या नाहींत, सुभा सरांकडेच राहिला, आणि मैदानांतील चुना पावसानें गेला. कावेरीचें तळें राहिलें.