वहीएवढं पॅनल आणि मागणारी पेटी

देणाऱ्याची ऐपत किती, हे मागणाऱ्यानेच ठरवायचं असतं. नाहीतर जगात एकही संस्था चालणार नाही. चाचणी विभागाचे साहेब या तत्त्वाला पक्के होते.

विभागात इलेक्ट्रॉनिक लोड नावाची एक पेटी होती. बॅटरी, सोलर पॅनल, वीज देणारं काहीही तिला जोडा, ती वीज मागते. स्वतः काही करत नाही. (म्हणूनच तिला पंख्याखालची जागा होती.) साहेबांनी तिचं सेटिंग एकदाच लावून दिलेलं : ठरले तेवढे वॅट मिळालेच पाहिजेत. समोरच्याचा व्होल्टेज घसरला, की पेटी भरपाई म्हणून जास्त करंट ओढायची. जास्त ओढला, की व्होल्टेज आणखी घसरायचा. मग ती आणखी ओढायची. शेवटी पडद्यावर शून्य. धडधाकट बॅटऱ्या पास होत, अशक्त ते शंभर टक्के नापास. अहवालात याला 'गुणवत्तेतील सातत्य' म्हणत.

त्या दिवशी धाकटीचं पॅनल पुन्हा चाचणीला आलं. धाकटी म्हणजे विभागातली सगळ्यात नवी इंजिनिअर. पॅनल वहीएवढं, चार वॅटचं. आज नापास झालं, तर ते भंगारात आणि ती पॅकिंगला, असं ठरून गेलेलं.

शून्य आलं.

दोषनिवारण रीतसर सुरू झालं. पेटी बंद करून चालू केली. वायरी बदलल्या. पॅनलवर उजेड पाडणारा दिवा पुसला. मग साहेबांनी धाकटीकडे असं पाहिलं, की बदलायचं आता एवढंच उरलंय.

"साहेब, पॅनल ठीक आहे हो. आपण एकदम सगळं मागतोय."

"मग काय लाडीगोडीने मागू?"

"थोडं मागा, सावरू द्या, मग वाढवा. नाहीतर व्होल्टेज धरून ठेवा आणि ते देईल तेवढाच करंट घ्या."

"म्हणजे पेटीने पॅनलची मर्जी सांभाळायची! उद्या म्हणशील, त्याला पाणी विचारा."

एवढ्यात साहेबांना घरून फोन आला. ते खिडकीकडे वळले. "ताप उतरला ना? मग झालं तर! आता उठलीच आहेस, तर माझे शर्ट इस्त्रीला टाक. आणि येता येता वीजबिलाचं बघ."

ते परत वळेपर्यंत धाकटीने सेटिंग बदललेलं. पडद्यावर चार वॅट, वर थोडे जास्तच.

साहेब मनाने वाईट नव्हते. चूक दिसली, की ती ते लगेच स्वतःचा शोध म्हणून पदरात घेत. जागच्या जागी नियम झाला : 'अशक्ताकडे आधी थोडे मागावे. तो दबतो आहे असे दिसताच मागणी कमी करावी.' पॅनल पास झालं, धाकटी वाचली. सही करताना साहेबांचे डोळे पाणावले (असं शिपाई सांगतो).

एवढा माणुसकीचा नियम साजरा तर व्हायलाच हवा. साहेबांनी घरी फोन लावला. "अगं, आनंदाची बातमी! सगळा विभाग जेवायला घेऊन येतोय. फार काही करू नकोस, नेहमीचंच. हॅलो? अगं, हॅलो?"

पलीकडे शून्य.

साहेबांनी फोन बंद करून चालू केला. मग धाकटीचा मागून घेतला. (फोनला वायर असती, तर तीही बदलली असती.)

"साहेब," धाकटी हळूच म्हणाली, "सेटिंग..."

"तुझाही फोन बिघडलाय," साहेब म्हणाले.

हसा, हरकत नाही. फक्त हातातला चहा जिने आणून दिला, तिला बरं आहे ना, एवढं उठून विचारा. बसल्या जागेवरून हाक माराल, तर तिला पुन्हा यावं लागेल.