पट्ट्याची तपासणी

"हात पुढे कर," काका म्हणाले.

काकू ओट्याशी उभ्या होत्या, दोन्ही हात पिठात. कशाला म्हणून विचारायचंही त्राण नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि काकांनी थरथरत्या बोटांनी, बराच वेळ झटापट करून, एक काळा पट्टा त्यांच्या मनगटावर चढवला.

पट्टा दवाखान्याचा होता आणि तो काकांसाठी होता; चार दिवस तो त्यांच्याच मनगटावर होता. काकांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आठवडाभर हा पट्टा काढायचा नाही. त्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता हात कधी किती थरथरतो ते बघेल, मग आपण गोळ्या बदलू. गोळ्या बदलल्या की हात ताळ्यावर येईल आणि मग काकू लेकीकडे, ताईकडे राहायला जातील, असं घरात ठरलं होतं. बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. ताई रोज फोन करायची आणि काकू रोज म्हणायच्या, "एवढा आठवडा जाऊ दे गं." त्या एका आठवड्यावर त्यांचा सगळा जीव अडकला होता.

"अहो, पट्टा तुमचा ना?"

"माझाच. पण यंत्र बरोबर मोजतंय कशावरून?"

काका जन्मभर वजनमापे खात्यात तपासनीस होते. दुकानात शिरायचं, पेटीतलं प्रमाणित वजन काढायचं, दुकानदाराच्या काट्यावर ठेवायचं, आणि दुकानदाराचं तोंड बघत बसायचं. नोकरी संपली, पण खोड गेली नाही. भाजीवाला अजून त्यांना लांबून बघितलं की गाडी दुसऱ्या गल्लीत वळवतो.

"हे बघ," काका म्हणाले, "ज्याचं वजन ठाऊक आहे, तेच आधी काट्यावर ठेवायचं. तुझा हात ठणठणीत. तुझ्या हाताला यंत्राने शून्य दाखवलं तर यंत्र खरं."

काकूंनी पीठ मळायला घेतलं. मग भांडी, मग फरशी, मग काकांच्या सदऱ्याची बटणं लावून देणं, मग चहाचा कप ओठांपर्यंत धरणं. रात्री काका गोळीसाठी उठले, पाण्यासाठी उठले, कूस बदलायला उठले, आणि दर वेळी काकूही उठल्या. हे रोजचंच होतं. त्याला काम म्हणतात हे त्या घरात कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, काकूंच्यासुद्धा.

सकाळी दवाखान्यातून फोन आला. "आजोबांचा हात एकाएकी फार बिघडलेला दिसतोय. असं असेल तर आठवडा पुन्हा पहिल्यापासून धरावा लागेल."

काकूंनी कपाळाला हात लावला. काका मात्र खुलले. "बघ. तुला धाड भरलेली नाही, आणि हे म्हणतंय हात बिघडलाय. काटा खोटा आहे."

"मग तसं सांगा त्यांना आणि मिटवा एकदाचं."

"असं कसं? एका वजनावर काटा खोटा ठरवत नसतात. रिकामा काटाही बघावा लागतो."

रिकामा काटा म्हणून काकांनी स्वयंपाकघरातलं स्टूल निवडलं. पट्टा स्टुलाच्या पायाला आवळून बांधला आणि समाधानाने पेपर उघडला. काकू आत जाऊन जरा आडव्या होणार, तेवढ्यात जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली. स्ट्रेचर घेऊन दोन माणसं दारात उभी.

"पेशंट कुठाय?"

"मीच," काका म्हणाले.

पुढचा माणूस दोन पावलं मागे सरला. "पट्ट्यावर तुमची नाडी लागत नाहीये, आजोबा."

"ती स्टुलाची."

पण आलेली गाडी रिकामी परत नेता येत नाही, असा त्यांचा नियम होता. पेशंट बरा आहे हे डॉक्टरांनीच लिहून द्यायचं. पट्टाही बरोबर हवा. तो काढायला काका वाकले, तर बोटं थरथरून हूक सापडेना. काकूंचा चष्मा सापडेना. त्या माणसांना उपकरणाला हात लावायची परवानगी नव्हती. शेवटी स्टूलच गाडीत चढलं. सगळी इमारत खिडक्यांत उभी होती आणि काकू मान खाली घालून मागून चालल्या होत्या. आता ताई, बॅग, सगळं विसरा, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्याही दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी स्टुलाकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"आजोबा, यंत्राने तीन वेगळी माणसं नोंदवलीत. पहिले तुम्ही. ती नोंद गोळ्या बदलायला पुरेशी आहे, आठवडा पुन्हा धरायची गरज नाही. तिसरं हे स्टूल. दुसरं कोण?"

"आमची ही. प्रमाणित वजन म्हणून."

"यंत्र म्हणतंय, हा हात दिवसभर थांबलेला नाही आणि रात्री झोपलेला नाही. पण यंत्र फक्त बोट दाखवतं, खरंखोटं मी बघते. काकू, हात पुढे करा."

काकूंनी हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती. डॉक्टरीणबाईंनी ती दाबली, वळवली, हळूच वाजवून बघितली.

"आजार नाही. निव्वळ थकवा आहे. आठ दिवस ह्या हातांनी काही करायचं नाही. कुठे जाता येईल का?"

"जाता येईल," काकू म्हणाल्या. इतक्या पटकन की त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

काका स्टुलावर बसले होते. इतकी वर्षं बरोबर घेऊन फिरलेलं वजन त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि जिवाला लागलं. तरी तपासनीस तो तपासनीस.

"यंत्र आहे, चुकूही शकतं," ते पुटपुटले.

"तुम्हीच तपासलंत ना?" काकू म्हणाल्या. "पास झालं."

नवी गोळी आणि मनगटावर पुन्हा तोच पट्टा घेऊन काका घरी एकटे राहिले. ताईकडे दुसऱ्याच दिवशी दुपारी काकूंचा डोळा लागतो न लागतो, तोच दवाखान्याचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"आजोबांचा हात जोरजोरात गोल फिरतोय. थांबतो, परत फिरतो. नवीन गोळीचा त्रास असेल का? गाडी पाठवू?"

काकूंनी क्षणभर विचार केला.

"गाडी नको," त्या म्हणाल्या. "पातेलं करपलं असेल. घासू दे."

त्यांनी फोन उशीखाली सरकवला आणि कूस बदलली.