मापाचा कान

चर्र. दुपारी निजानीज झालेल्या घरात एवढाच आवाज झाला, आणि विनोदिनीने ओळखलं, क्षमाच्या उजव्या कानामागची चिकटपट्टी सुटली.

देवाने माणसाला कान ऐकण्यासाठी दिले असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते नातेवाइकांना बघता यावेत म्हणून दिलेले असतात. सहा वर्षांच्या क्षमाचे कान थोडे पुढे वळलेले होते, दाराआडून कुणी डोकावावं तसे. विनोदिनीला ते तसेच आवडत. पण ती केवळ आई असल्याने तिचं मत विचारात घेण्याची प्रथा नव्हती.

गोवा राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. भाषेचा वादही मिटला होता (म्हणजे धारगळ गावात तो आता फक्त जेवणानंतर निघे). त्यामुळे लोकांचं लक्ष जरा मोकळं झालं होतं, ते क्षमाच्या कानांवर जाऊन बसलं. सासूबाई कमलाक्षींचा निष्कर्ष असा, की तान्हेपणी टोपरं सैल बांधलं. (टोपरं त्यांनीच बांधलं होतं. हा मुद्दा टिपणात घेतलेला नाही.) हे कान आमच्याकडचे नव्हेत, असं माहेर आणि सासर दोघांनीही ठणकावून कळवलं. सबब, ते कुणाचेच नसल्याने कापायला हरकत उरली नाही.

पणजीचे डॉक्टर सज्जन. ऑपरेशन सोपं आहे, शाळा सुरू व्हायच्या आत करून टाकू, गुरुवारी या, म्हणाले. निघताना हसून एवढंच म्हणाले, “कसे कान हवेत ते मात्र ठरवून या.”

आता, ब्लाउज शिवायला टाकताना मापाचा ब्लाउज न्यावा लागतो. त्याशिवाय सगुण शिंपी कापडाला कात्री लावत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे मापाचा कान न्यायचा, हे घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. कान सुटा मिळत नसल्याने त्याचा धनीच बसमधून न्यायचं ठरलं.

तपासणी शास्त्रशुद्ध होती. कानामागे आगपेटी उभी मावली तर कान नापास, आडवी अडकली तर फेरविचार. तीन दिवसांत वाड्यावरचे सत्तावीस कान तपासले. (आकडा विषम का, हे सखारामभावजींना विचारू नये. एका बाजूला ते कुणाला बसूच देत नाहीत.) गंगाआतेच्या पाळ्या कुड्यांच्या भाराने खांद्यापाशी चौकशीला आलेल्या. भटजींचे कान उत्तम, पण केसांमुळे नीट दिसेनात. क्षमाच्या वडिलांचे, दत्तप्रसादचे, दोन कान एका उंचीवर नाहीत, हे लग्नाला आठ वर्षं झाल्यावर उघडकीस आलं. चष्मेवाल्याशी उगीच भांडलो, असं ते दिवसभर म्हणत राहिले.

शेवटी “माझे बघ गो” म्हणत कमलाक्षी आपण होऊन पुढे बसल्या. आगपेटी उभी मावली, आणि वर एक काडी ठेवण्याइतकी जागा उरली. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि तो पुन्हा खाली आला नाही.

बुधवारपर्यंत परिणाम दिसू लागले. भर मे महिन्यात पुरुष मफलर बांधून तिठ्यावर जाऊ लागले. दुकानातल्या चिकटपट्ट्या संपल्या. कुणाला कुणाचं धड ऐकू येईना, त्यामुळे वाड्यावरची भांडणं निम्म्याने घटली. (हे वाचताना आपला हात एव्हाना कानामागे गेला असेलच. राहू द्या. आपण अठ्ठाविसावे.)

आणि आता बुधवारची ही दुपार. उद्या सकाळी साडेसहाची बस, आणि मापाच्या कानाच्या यादीत न खोडलेलं एकही नाव उरलेलं नाही. विनोदिनी उठून आत गेली. क्षमा आरशासमोर बसून सुटलेली पट्टी बोटाला गुंडाळत होती.

“आजीचे कान नको?” तिने विचारलं.

“नको.”

“बाबांचे?”

“ते पण नको, बाय.”

“तुझे?”

“माझे कुणी बघितलेच नाहीत गो.” विनोदिनीने नवी पट्टी काढली. ती हातातच राहिली.

क्षमाने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

“आई, मग उद्या मी कुणासारखं व्हायचं?”