आठाच्या भावात वीस

ज्याला दुर्बीण निवडता येत नाही, त्याने बंदूक विकून कोंबड्या पाळाव्यात, असं मर्व्हचं ठाम मत होतं. आणि मत ठाम असलं की ते पोटात राहत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात दूधवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. त्याची बारा वर्षांची लेक नायो यंदा पहिल्यांदा हरणाच्या मागावर जाणार होती. तिला दुर्बीण हवी होती, ती खिशाला झेपणारी हवी होती, आणि ती मर्व्ह निवडणार होता.

पण ह्यात एक मेख होती, आणि तिचं नाव वॉटी. वॉटी म्हणजे मर्व्हचा मेव्हणा. मागच्या मोसमात वॉटीने तीन नर पाडले होते. मर्व्हने एकच पाडला, तोही गाडीने.

"पहिला शनिवार तुझा," शोनाने नवऱ्याला सांगितलं होतं. "पोरगी काही शिकून आली तर ठीक. नाही तर ह्यापुढे वॉटी तिला नेईल."

हे ऐकून मर्व्ह हसला होता. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही. आपली लेक दुसऱ्या कुणाच्या मागे डोंगर चढतेय, हे चित्र काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी बापलेक पॉलीनच्या शिकारी सामानाच्या दुकानात गेले. नायोने पाच मिनिटांत एक हिरवी, छोटीशी, आठ पटीची दुर्बीण उचलली.

"बाबा, ही मस्त आहे. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच गोल दिसतो."

"आठ पट?" मर्व्ह म्हणाला. "आठ पटीने तर मला नुसत्या डोळ्यांनी दिसतं."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या सवलतीच्या टोपलीत त्याला ती दिसली. काळी, धिप्पाड, वीस पटीची. किंमत तीच. आठाच्या भावात वीस म्हटल्यावर मर्व्हला जे झालं, ते लोकांना लॉटरी लागल्यावर होतं.

"मर्व्ह, ती पोरीला जड होईल," पॉलीन म्हणाली. "तिचा चेहरा एवढासा. आणि वीस पटीत हात जरा हलला की डोंगर हलतो."

"पॉलीन, डोंगर हलत नसतात."

आणि खात्री पटवायला दुकानाच्या दारात उभं राहून त्याने समोरच्या टेकडीवर चक्क एक हरीण शोधून दाखवलं. ती डालझीलबाईंची गाय निघाली, पण मर्व्हच्या मते अंतरच तसं होतं. नायोने हिरवी दुर्बीण पुसून जागेवर ठेवली.

रात्री वॉटी जेवायला होता. "उद्या कुठे जाणार, दाजी?" त्याने सहज विचारलं.

"पूर्वेच्या खोऱ्यात," मर्व्ह म्हणाला. त्याला जायचं होतं पश्चिमेला. "आणि तू?"

"मी कसला जातोय. समुद्रावर चाललोय, मासे धरायला."

त्या मुलखात आपली शिकारीची जागा खरी सांगणं म्हणजे चारचौघांत तिजोरीची किल्ली मिरवणं. तिथे सख्खा भाऊ सख्ख्या भावाला चुकीचा डोंगर सांगतो आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवल्यासारखं केलं आणि चीज रोल संपवले.

एप्रिलचे दिवस, नर माजावर आलेले. एक डरकाळी फोडतो, दुसरा चवताळून उत्तर देतो, आणि शिकारी प्लास्टिकच्या नळीतून तसाच आवाज काढून त्याला जवळ बोलावतो. शनिवारी सकाळी पश्चिमेच्या घळीवर पोचल्या पोचल्या मर्व्हने बंदुकीचा बोल्ट काढून स्वतःच्या खिशात घातला; तो नसला की गोळी सुटत नाही.

"पहिला नियम?"

"काय आहे ते पूर्ण दिसल्याशिवाय बंदुकीला हात नाही," नायो म्हणाली. तिथल्या मुलांना हे चालायच्या आधी पाठ असतं.

मर्व्हने नळी तोंडाला लावली आणि पोटातून आवाज काढला. खोरं दणाणलं. क्षणभर शांतता. मग घळीच्या पलीकडून, दाट नेच्यांतून उत्तर आलं.

मर्व्हने नळी खाली केली. "ऐकलंस? म्हातारा आहे. वजनदार. आणि बेरकी. असा आवाज मी पंचवीस वर्षांत ऐकला नाही. शोध त्याला."

नायोने ती काळी तोफ डोळ्यांना लावली. "बाबा, मला दोन गोल दिसताहेत. आणि दोन्ही नाचताहेत."

"श्वास रोखून धर."

"रोखला. आता श्वासही नाही आणि हरीणही नाही."

दगड ओले, झाडं वाकडी, दुर्बीण टेकवायला कुठे धड जागा नव्हती. पलीकडून पुन्हा डरकाळी आली. पहिला शनिवार हातातून निसटताना मर्व्हला स्पष्ट दिसत होता. मग त्याने ते केलं, जे कुठल्याही नामांकित शिकाऱ्याने साक्षीदारासमोर केलेलं नाही. तो ओल्या शेवाळात हातापायांवर घोडा झाला.

"ठेव पाठीवर."

नायोने ठेवली, एक डोळा मिटला आणि एकाच नळकांड्यातून बघू लागली. "आता जरा बरं दिसतंय. पण तू ओरडलास की सगळं हलतं. न हलता ओरड ना."

न हलता डरकाळी फोडणं म्हणजे न वाकता झाडू मारणं. तरी मर्व्हने जमवलं. तो ओरडायचा, पलीकडचा उत्तर द्यायचा. गुडघे गारठले, तळहातांत काटे रुतले, पँटच्या पायातून काहीतरी वर चढू लागलं. तास होत आला.

"दिसलं," नायो कुजबुजली. "तपकिरी आहे."

"अंग असणार त्याचं."

"गळ्याशी केस आहेत, दाट."

"माजावर आलेला नर. मानेवर आयाळ येते त्यांना. शिंगं दिसतात?"

"नाही. तोंड हलतंय."

"चरतोय. हलू नकोस."

नायोने नळकांडं जरा फिरवून नीट केलं. "बाबा, तो चीज रोल खातोय."

मर्व्हच्या तोंडची डरकाळी अर्ध्यावर फाटली. पलीकडून खणखणीत माणसाचा आवाज आला.

"दाजी, उठा आता. गुडघ्यांना वात धरेल."

तिघं खाली ओढ्याशी भेटले. तपकिरी लोकरी सदरा, दाढीत चीज, असा वॉटी खडकावर बसला होता.

"तू मासे धरायला गेला होतास ना?" मर्व्हने विचारलं.

"तुम्ही पूर्वेच्या खोऱ्यात होतात ना?"

ह्यावर दोघांनी पाण्याकडे बघितलं.

"कधी पाहिलंस मला?"

"घोडा झालात तेव्हाच."

"मग एवढा वेळ ओरडत का बसलास?"

"तुम्ही इतक्या मनापासून विचारत होतात. उत्तर न देणं बरं दिसेना."

"मामा, बाबा म्हणाला तू म्हातारा आणि वजनदार आहेस," नायोने माहिती दिली. "बेरकीपण म्हणाला."

"तिसरं खरं आहे," वॉटी म्हणाला आणि त्याने गळ्यातून दुर्बीण काढली. हिरवी, छोटीशी, आठ पटीची. "पॉलीनकडे पडून होती. तुझ्यासाठीच घेतली, पोरी. पण शनिवार दाजींचा होता, म्हणून दिली नाही."

नायोने ती डोळ्यांना लावली, आणि तिचा चेहरा जो उजळला तो बघून मर्व्हला कळून चुकलं. संपलं सगळं. ह्यापुढचे शनिवार वॉटीचे. नायो दुर्बीण घेऊन ओढ्याकाठी किती तरी वेळ खटपट करत बसली, मामालाही तिने वाकायला लावलं, पण मर्व्हने तिकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. शोनाने सरळच विचारलं, "मग? पुढच्या शनिवारी कुणाबरोबर?"

मर्व्हने 'जशी तुझी मर्जी' हे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं.

"बाबाबरोबर," नायो म्हणाली.

वॉटीने काटा खाली ठेवला. "असं का गं? दुर्बीण तर माझी आवडली."

"दुर्बीण तुझीच नेणार. पण हात दुखले की ती कुठेतरी टेकवावी लागते. मी दोघांच्या पाठींवर ठेवून पाहिली. तुझी उतरती आहे मामा, घसरते. बाबाची टेबलासारखी सपाट आहे."

मर्व्ह मान वर करून मेव्हण्याकडे विजयी नजरेने बघायला गेला, पण कमरेतून अशी कळ आली की मान मध्येच थांबली.

"शोना," तो हळूच म्हणाला, "तू बागेत काम करताना गुडघ्यांना बांधतेस ना, ती पॅड कुठे ठेवलीस गं?"