तात्यांचा गुलाबी फोटो

तात्यांनी दारातला फळता नारळ तोडला, आणि कारण काय, तर तो मृग नक्षत्राच्या आड येत होता! आमच्या निमगाव केतकीत बांधावरच्या एका बोरीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसं आहेत. आकाशासाठी स्वतःचं झाड पाडणारा हा पहिलाच. मी दोन दिवस सुन्न होतो.

तात्या माझे शेजारी. जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून देणं हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यामुळे कुणाचंही बिनसलं की निदान एकच: "त्याचं वाइंडिंग जळालंय." यातून सरपंच सुटला नाही, जावई सुटला नाही, पंचांगसुद्धा सुटलं नाही.

मृगातल्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका असतो. तो म्हणे तेजोमेघ. त्याच्यासाठी तात्यांनी बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्यांवर जुना कॅमेरा बसवला. खालचा बोल्ट मिनिटाला एक वेढा फिरवला, की कॅमेरा ताऱ्यांच्या मागं सरकतो. संध्याकाळी गच्चीवर तात्या मोठ्यानं सेकंद मोजायचे आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बोल्ट फिरवायच्या. असे शेकडो फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचले की रंग उमटतो म्हणे. "मागल्या साली नुसता धुरळा आला. औंदा गुलाबी काढतोच," तात्या सांगायचे.

आणि यंदाच मी घरामागच्या मळ्यात ड्रॅगन फ्रूटला दिवे लावले. अंधार पडला की ते पेटतात, झाडाला दिवस मोठा वाटतो आणि हंगाम नसताना फुलं येतात. चौथ्याच दिवशी दिवेलागणीला बघतो तर मळा काळाकुट्ट! पेटीतले फ्यूज गायब!

मी तावातावानं तात्यांची गच्ची गाठली. "तात्या, तुमचंच वाइंडिंग जळालंय! फ्यूज काढले?"

"व्हय, काढले. तुज्या उजेडात तारं बुडत्यात." शरम नाही, काही नाही. मग मला कठड्याशी ओढून हळू आवाजात म्हणाले, "बापू, तिला काचबिंदू हाय. उरलीसुरली नजर कवा जाईल, सांगता येत न्हाय म्हनले डॉक्टर. इतकी सालं बोल्ट फिरवला तिनं, पर काय काढतोय ते एकदाबी दिसलं न्हाय तिला. नजर जायच्या आत फोटू झाला पायजे."

मागं काकू चाचपत बोल्ट फिरवत होत्या. फुलं गेली खड्ड्यात म्हटलं, आणि आठ दिवस दिवे लावले नाहीत.

इंदापूरहून तात्यांनी फोटो चांगला हातभर मोठा छापून आणला. खरंच गुलाबी, कडेला निळसर! मला तर खरा वाटेना. भर दुपारी ओसरीवर त्यांनी तो काकूंच्या हाती दिला. काकूंनी तो डोळ्यांशी नेला, बराच वेळ धरला.

"अगं बाई! लई झ्याक आलाय वो!"

काकूंच्या डोळ्यांसमोर कागदाची कोरी बाजू होती.

तात्यांनीही ते पाहिलं. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. कागद अलगद पालटून त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचं बोट धरून त्यावर टेकवलं.

"हितं गुलाबी हाय बघ. आन् हितं, कडंला, निळं."

काकूंचं बोट थोडा वेळ तिथंच थांबलं.

"सावकाश सांगा की," त्या म्हणाल्या.